खळीनं चिकटवलेला कागद

कागदाचं टोक मी नुसतं चिमटीत धरलं होतं. देवाशपथ सांगते, ओढायचा विचार नव्हता. पण माडीवर जयाच्या खोलीत खिडकीखालच्या कोपऱ्यात तो गुलाबाच्या वेलींचा वॉलपेपर असा काही फुगून वर आला होता, की हात गेल्याशिवाय राहिला नाही. जरासा ओढला आणि टर्रकन हातभर कागद सुटून खाली आला. त्याच्याबरोबर ताटाएवढा गिलाव्याचा पोपडा माझ्या पायावर पडला, आणि मागून जो वास आला तो बावीस वर्षं झाली तरी माझ्या नाकातून गेलेला नाही. चार दिवस झाकून ठेवलेल्या पेजेला येतो ना, तसला.

एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात गुलाबाची वेल, अशी मी उभी. लग्न होऊन या घरात येऊन मला जेमतेम वर्ष झालेलं. आणि ही खोली कुणाची, तर माझ्या नणंदेची. तिच्याच बाळंतपणासाठी ती झाडायला सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मला पाठवलं होतं.

आता हे बाळंतपण काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर एका पोपड्यासाठी मी एवढी का गारठले ते कळायचं नाही. जयाला लग्नानंतर चौथ्या वर्षी दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण तिच्या सासूबाई कराडच्या, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या, आणि रीतीबितीला भुलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की येत्या गुरुवारी ओटीभरणाला मी जयाला घेऊन येते, खोली बघते, आणि खोली बाळ-बाळंतिणीला योग्य वाटली तरच तिला ठेवून जाईन. नाहीतर बाळंतपण कराडला.

आमच्या घरात त्या फोनपासून दुसरा विषय नव्हता. आत्याबाईंनी दुपट्यांचा ढीग घातला होता. आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, ज्यांच्या तोंडून दिवसाकाठी दहा शब्द निघाले तर पुष्कळ, ते तीनदा रिक्षात बसून घर ते प्रसूतिगृह किती मिनिटं लागतात ते मोजून आले होते. बाजाराच्या दिवशी अकरा, एरवी सात. लेकीनं माहेरी यावं याचा ध्यास त्या घरात सगळ्यात जास्त त्यांना होता. त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही, एवढंच.

तर असा तो शुक्रवार. गुरुवारला सहा दिवस. आणि मी भिंत पाडून ठेवलेली.

पोपड्याच्या आवाजानं मामंजीच आधी आले. काही सबब सांगावी असं मनात आलं होतं, उंदीर म्हणावं, वारा म्हणावं. पण त्यांच्याकडं बघून जीभ वळली नाही. मी म्हटलं, मामंजी, मी ओढला. त्यांनी भिंतीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. आता ऐकायला लागणार म्हणून मी पदर आवळून घेतला. तर त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, जुनी विजार चढवून आले आणि म्हणाले, "बादली आण. आणि एक पत्रा."

राग कसा आला नाही, याचं मला नवल वाटलं. म्हटलं, येईल संध्याकाळपर्यंत. पण नाही आला.

उलट त्यांनी एक गोष्ट अशी केली, की तेव्हा मी तिच्याकडं नीट लक्षच दिलं नाही. त्या भिंतीच्या पलीकडं न्हाणी. मामंजी सरळ न्हाणीत गेले, नळाच्या खाली कमरेएवढ्या उंचीवर एका फरशीवर बोट ठेवलं आणि बोलावून आणलेल्या प्लंबरला म्हणाले, इथं फोड. त्यानं फोडलं. आत पाइपाचा जोड गंजून थेंब थेंब गळत होता. एवढ्या भिंतीत नेमकी तीच फरशी. मी मनात म्हटलं, काय नजर आहे म्हाताऱ्याची.

जोड बदलला, गळती थांबली. आता उरलेला कागद काढायचा. मला वाटलं होतं, हातभर जसा सुटला तसा बाकीचाही सुटेल. कुठला सुटतोय. ओलीच्या कोपऱ्यात तो आपसूक आला होता, पण बाकी तिन्ही भिंतींवर कातडीसारखा बसलेला. पत्रा घालून खरवडावं तर कागदाचा नखभर तुकडा निघायचा आणि त्याच्यासंगं गिलाव्याचा खड्डा पडायचा. शनिवारी दिवसभर मी आणि मामंजी खरवडत होतो. संध्याकाळी बघितलं, तर भिंतीला देवी आल्यासारख्या खुणा आणि गुलाब तसेच हसताहेत.

मी वैतागून विचारलं, हा चिकटवला तरी कशानं होता. मामंजी पहिल्यांदा जरा ओशाळले. मान खाली घालून म्हणाले, "खळीनं."

खळ म्हणजे त्यांच्या सायझिंग कारखान्यातली खळ. इचलकरंजीत हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. यंत्रमागावर चढवायच्या आधी ताण्याच्या सुताला मक्याच्या पिठाची शिजवलेली खळ पाजतात, मग ते तापलेल्या मोठ्या लाटांवरून, म्हणजे रुळांवरून, वाळवतात आणि बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रिळावर, गुंडाळतात. सुतानं मागाचे ठोके सोसावेत, तुटू नये, म्हणून ही सगळी खटपट. मामंजी छत्तीस वर्षं सायझिंगला, त्यातली वीस फोरमन. वॉलपेपर आणला तेव्हा दुकानदारानं सोबत गोंदाची पुडी दिली होती. मामंजींनी ती बोटांत चोळून बघितली आणि फेकून दिली. असल्या पुचाट गोंदानं काय होणार. सायझिंगमधून घट्ट खळीचा डबा भरून आणला, आत डिंक टाकला, मेण टाकलं, आणि मिनिटाला दीडशे ठोके सोसणाऱ्या त्या खळीनं खोलीच्या चारी भिंतींना गुलाब चिकटवले. जणू भिंत मागावर चढवायची होती.

मला हसू आवरेना. नव्या सुनेनं सासऱ्यासमोर भिंतीला टेकून पोट धरून हसावं हे काही शोभणारं नव्हतं, पण काय करणार. दाराशी आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. हे येडं माणूस गावातल्या कुठल्या कोष्ट्यालाही सुचणार नाही ते करून बसतं, असं त्या म्हणाल्या आणि त्याही हसत सुटल्या. मामंजी तेवढे गंभीर. त्यांचा चेहरा बघून आम्हाला आणखी हसू.

पण अडचण त्यांच्या धंद्यातली होती, तसा उपायही त्यांच्याच धंद्यात निघाला. रविवारी सकाळी ते सायकल काढून एका प्रोसेसवाल्या मित्राकडं गेले. कापड विणून झालं, की रंगवायच्या आधी त्यातली खळ काढावी लागते. त्यासाठी प्रोसेसमध्ये एक औषध असतं, ते खळ खाऊन टाकतं. ते बाटलीभर घेऊन आले. कोमट पाण्यात कालवलं, आत्याबाईंचा जास्वंदीवर फवारायचा पंप मागून घेतला आणि भिंतींवर फवारलं. अर्धा तास थांबायचं, मग ओढायचं. मी टोक धरून ओढलं आणि छतापासून जमिनीपर्यंतची अखंड पट्टी माझ्या अंगावर आली. असं सुख मला लग्नाच्या शालूतही झालं नव्हतं. दुपारपर्यंत चारी भिंती उघड्या, आणि अंगणात गुलाबांचा एवढा मोठा ढीग.

सोमवारी मी घात केला. ठोकून बघायचं, जिथं गिलावा पोकळ वाजतो तिथं पाडायचा, सिमेंट-वाळूनं भरायचा, एवढं मामंजींनी दाखवलं आणि ते वाळू आणायला गेले. जाताना सांगून गेले, की बाकीच्या भिंती आधी साध्या पाण्यानं धुऊन घे, मग पुट्टी. पण माझ्या डोक्यात गुरुवार नुसता घण घालत होता. म्हटलं, कागद तर निघाला, आता धुवायचं काय राहिलंय. पुट्टी कालवली आणि सपासप मारत सुटले. मामंजी परत आले तेव्हा दोन भिंती पांढऱ्याशुभ्र. मी मोठ्या तोऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी. त्यांनी भिंतीवरून एकदा बोट फिरवलं आणि वाळू चाळायला बसले.

मंगळवारी सकाळी खोलीत गेले तर जमिनीवर पुट्टीचे पापड पडलेले. भिंतीवरची उरलेली पुट्टीही कडा वळवून उभी, बोट लावलं की सुटायची. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. हसायचं ते शनिवारी हसून झालं होतं. माझ्यामुळं जयाचं बाळंतपण हुकणार, हे मला आता दिसायला लागलं. मामंजी आले, शेजारी बसले. म्हणाले, की खळ विरघळली तरी तिची साय भिंतीवर राहते, आणि सायीवर काही टिकत नाही. मग घरातली टिंक्चर आयोडिनची बाटली घेऊन आले, कापसाच्या बोळ्यानं भिंतीला एक टिपका लावला. टिपका निळाजांभळा झाला. "निळा झाला म्हणजे खळ आहे. पिवळट राहिला म्हणजे निघाली. कापडाला आम्ही असंच बघतो. आता धू."

मी धुतलं. तीन वेळा धुतलं. दर खेपेला मामंजी बोळा घेऊन टिपके लावत मागून यायचे आणि मी देवाला हात जोडून रंग बघायची. तिसऱ्या खेपेला टिपके पिवळे राहिले. जखम धुवावी तशी भिंत धुवायची असते हे मी त्या दिवशी शिकले. त्यावर पुट्टीचा पातळ हात, वाळला की पॉलिश पेपर, मग दुसरा हात. बुधवारी दुपारी तीन भिंती अशा गुळगुळीत झाल्या, की मी त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा तळवा फिरवत होते.

चौथी तेवढी राहिली. ओलीची. तिचा सगळा पोकळ गिलावा आम्ही पाडला होता, नवा भरला होता, पण कमरेएवढ्या उंचीपर्यंत ती काळपट ओली ती ओलीच. चैत्राचं ऊन, पंखा चालू, दारं-खिडक्या सताड उघड्या. पण चार वर्षं पाणी प्यायलेली भिंत पाच दिवसांत कशी वाळावी.

त्या संध्याकाळी माझे यजमान, उमेश, माग बंद करून आले ते फिकट गुलाबी रंगाचा डबा घेऊनच. त्यांचं म्हणणं, ओलीवर जाड पुट्टीचा एक हात, वर रंगाचे दोन हात. उद्याचा दिवस तर निघेल, मग काय व्हायचं ते होऊ दे, जया इथं राहिली म्हणजे झालं. आत्याबाई म्हणाल्या, तेही नको वाटत असेल तर कपाट सरकवा आणि वर सतरंजी टांगा. खरं सांगते, मीही त्यांच्याच बाजूची होते. मीच डब्याचं झाकण उचकटलं, मीच ढवळायला काठी आणली.

मामंजी भिंतीला तळवा लावून उभे होते. मागं वळले, माझ्या हातातली काठी घेतली, पुसली आणि झाकण परत लावून टाकलं.

"ओला बीम चढवायचा नाही," म्हणाले.

म्हणजे काय, ते उमेशना कळलं होतं. ओलं सूत बीमवर गुंडाळलं की आतून बुरशी धरतं आणि वरून महिनाभर कळतसुद्धा नाही. मामंजींनी फोरमन असताना या एका गोष्टीपायी दोन माणसं कामावरून काढली होती. पण हा बीम नव्हता, भिंत होती, आणि उद्या विहीणबाई येणार होत्या. आत्याबाई रडकुंडीला आल्या. पोरीला परत नेतील हो त्या, चार वर्षं वाट बघितली ती काय यासाठी, असं त्या परत परत म्हणत राहिल्या. मामंजींनी ते सगळं ऐकून घेतलं. पण रंगाचा डबा त्यांनी स्वतः नेऊन कोळशाच्या खोलीत ठेवला आणि कडी घातली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला गाडी आली. जया उतरली, सातव्या महिन्यातली, गालांवर चांगलं तेज आलेली. माझ्या गळ्यात पडली. तिच्यामागून विहीणबाई, सुती साडी, पांढरे केस आवळून बांधलेले, चष्म्यातून सगळ्या घरावर एक नजर टाकत. ओटी भरली, हिरवी साडी नेसवली, पाच फळं घातली, शेजारणींनी ओव्या-गाणी म्हटली. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. आणि जेवणं उरकल्यावर विहीणबाई हात पुसत उठल्या आणि म्हणाल्या, चला, खोली बघू.

आम्ही सगळे त्यांच्यामागं गेलो. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, आणि त्या काही बोलायच्या आत मामंजी पुढं झाले. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. घडीचा पांढरा सदरा घातलेला, हात मागं बांधलेले.

"ही भिंत ओली आहे," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा मुलगी बघायला आलात, तेव्हाही ओली होती. न्हाणीचा पाइप गळतो हे मला माहीत होतं. फोडून नीट करायला पंधरा दिवस लागले असते आणि तुम्ही परवावर येऊन ठेपला होता. ओल बघून माणसं परत जातील या भीतीनं मी वर कागद चिकटवला. नंतर काढायला धीर झाला नाही. सुनेनं कागद ओढला आणि माझी सुटका झाली. आता पाइप बदललाय, भिंत धुतलीय. पण वाळायला महिना लागेल. तोवर जया बाहेरच्या खोलीत झोपेल. आणि महिन्यात नाही वाळली, तर तुम्ही तिला कराडला घेऊन जा. मी अडवणार नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की शुक्रवारी त्यांना राग का आला नव्हता आणि न्हाणीतली तीच फरशी त्यांच्या बोटाला कशी सापडली होती. जया वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिली. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि मी मनात म्हणत होते, की संपलं. ज्यासाठी माणूस इतके महिने जीव टाकत होता, ते त्यानं स्वतःच्या हातानं देऊन टाकलं.

विहीणबाईंनी ओलीवर तळवा ठेवला. मग शेजारची वाळलेली भिंत चाचपली. दरवाजामागं एका जागी मी पुट्टी मारायची विसरले होते, तिथं त्यांचं लक्ष गेलं. हे निळे-पिवळे डाग कसले, असं त्यांनी विचारलं. मीच खळीची, पापडांची आणि टिंक्चर आयोडिनची सगळी हकीकत सांगितली. विहीणबाई ऐकत राहिल्या आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"तीस वर्षं आयोडिन लावलं मी माणसांना," त्या म्हणाल्या. "भिंतीला लावणारी माणसं आज बघितली."

मग चष्मा काढून पदरानं पुसत त्या मामंजींकडं वळल्या.

"वास मला तेव्हाच आला होता. घरी जाऊन ह्यांना म्हटलं होतं, मुलगी सोन्यासारखी आहे, माणसंही बरी आहेत, पण झाकतात. चार वर्षं माझ्या मनात ते राहिलं. आज येताना ठरवून आले होते. या खोलीत ताजा रंग नाहीतर नवा कागद दिसला, तर पोरीला आल्या पावली परत न्यायचं." त्यांनी चष्मा लावला. "तिची बॅग गाडीतच आहे. काढली नाही अजून. आणा वर."

बॅग आणायला उमेश वळले, तर मामंजींनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं आणि स्वतः गेले. एवढ्या वयाचा माणूस जिना धडाधड उतरताना मी पहिल्यांदा ऐकला. बॅग घेऊन आले ते थांबलेच नाहीत, सरळ बाहेरच्या खोलीत गेले, ती कॉटवर ठेवली, उघडली आणि जयाचे कपडे काढून एकेक करून कपाटात लावायला लागले. परकर, साड्या, टॉवेल, सगळं उलटंसुलटं, घड्या मोडून.

विहीणबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"अहो, सावकाश लावा की," त्या म्हणाल्या. "आम्ही काही तिला पळवून नेत नाही."

मामंजींनी मान हलवली. पण शेवटची साडी कपाटात जाऊन दार लागेपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.